कोरड्या शहराची बंदरं

आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र नाकासमोर गेलं तरी अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. शहराला लागून वाहणाऱ्या खाम नदीत होडी तरंगेल एवढं पाणी भर पावसाळ्यातही क्वचितच टिकतं. तरी चारशे वर्षांपूर्वी इथे हबशी आले, इराणी आले, राजपूत आणि बुंदेले आले, बुखाऱ्याकडचे फकीर आले, आणि यातले कितीतरी लोक कायमचे राहिले. मकराण्याचा संगमरवर आला. हिमरू विणणाऱ्यांचे माग लागले. हे सगळं ज्या जागांमधून आत आलं, त्या जागा आजही भर रस्त्यात उभ्या आहेत. आपण त्यांना दरवाजे म्हणतो, पाहुणे आले की त्यांच्यापुढे फोटो काढतो, आणि एरवी सिग्नल सुटला की मान वर न करता निघून जातो. माझं म्हणणं एवढंच की हे दरवाजे म्हणजे या कोरड्या शहराची बंदरं होती. ती बंदरं म्हणून बघायची असतील तर सायकल काढावी.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नोकरी सगळी समोच्च रेषा ओढण्यात आणि कालव्यांचे उतार काढण्यात गेली. त्यामुळे गाव बघताना माझी नजर आधी इमारतीकडे जात नाही, जमिनीच्या कलाकडे जाते. मोटारसायकलवर हा कल कळत नाही, मूठ पिळली की सगळेच रस्ते सपाट. सायकलवर पोटऱ्या सांगतात कुठे चढ आहे आणि कुठे पायडल न मारता गाडी पळते. या शहराचा जुना इतिहास या चढ-उतारांवर बेतलेला आहे, कारण पाणी त्यांनी आणलं आणि रस्तेही त्यांनीच ठरवले. पायी फिरूनही हे कळेल, पण एका सकाळी चार दरवाजे आणि एक नदी पायी होत नाही.

दरवाजांच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, ती शहर वसण्याच्याही दीड हजार वर्षं आधीची. शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, सातवाहनांचं प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात भडोच बंदराबद्दल लिहिताना तो पैठणचं नाव घेतो: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गारगोटीच्या जातीचा मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून बंदराला जातं, असं तो नोंदवतो. म्हणजे समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाचं नाव खलाशांना पाठ होतं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या एका गंधिकाचं, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचं, दान कोरलेलं आहे. खानदेशात उतरणाऱ्या डोंगरकड्यावर पैठणचा अत्तरवाला दान देतो, ते काय उगाच? माल खाली उतरायचा तो याच बाजूनं. दुसरी वाट जुन्नरकडून नाणेघाटानं कोकणात जायची. त्या घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. गोदावरीकाठी राजधानी असलेल्या घराण्याला जहाजाचं अप्रूप का असावं, हे या वाटा बघितल्या की समजतं.

तर वाटा आधीपासून होत्या. खडकी नावाच्या लहानशा गावाला शहर केलं ते मलिक अंबरनं, १६१० मध्ये. हा माणूस स्वतः समुद्रावरून आलेला. हबसाणात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विक्री, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनमध्ये, आणि इथे अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्यानं विकत घेतलेला. पुढे तोच निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगलांना त्यानं गनिमी काव्यानं कसं जेरीस आणलं, हे शाळेच्या पुस्तकात येतं. त्यानं नगर कसं वसवलं, हे येत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी ओळख तिथे आहे. त्याच्यामागे त्याच्या मुलानं, फतेहखानानं, गावाला फतेहनगर म्हटलं. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानं औरंगाबाद केलं. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावं बदलली, पण मलिक अंबरनं हेरलेला जमिनीचा उतार होता तिथेच आहे.

तो उतार अंगावर घ्यायचा तर सकाळी लवकर हर्सूलला जावं आणि तिथून सायकल शहराकडे वळवावी. ही जुनी दिल्लीची वाट. बऱ्हाणपूरहून अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड, फुलंब्री करत ती हर्सूलला येते. घाटाखाली फर्दापूरला मोगलांच्या काळातली सराय आहे. लेण्यांच्या गर्दीत तिच्याकडे कुणी फिरकत नाही, पण तिच्या खोल्यांच्या रांगा बघितल्या म्हणजे त्या वाटेवर रात्री किती माणसं आणि जनावरं मुक्कामाला असतील याचा अंदाज येतो. हर्सूलपासून पुढे सायकल जवळजवळ आपणहून चालते. उजवीकडे-डावीकडे आता वसाहती, मंगल कार्यालयं, गॅरेजं. मग सलीम अली सरोवर लागतं, ज्याला जुनी माणसं खिजरी तलाव म्हणत, शेजारी हिमायतबाग, आणि समोर दिल्ली दरवाजा.

प्रवाशाच्या बाजूनं विचार करून बघा. घाट चढून, माळरान तुडवून आलेल्या तांड्याला शहरात शिरण्याआधी आडवा तलाव मिळतो, बैल पाणी पितात, बागेची सावली मिळते, मग दरवाजा. ही मांडणी आपोआप झालेली नाही. बंदरात शिरण्याआधी गलबतांना थांबायला जागा लागते, तशी ती जागा आहे.

दिल्ली दरवाजापाशी सायकल स्टँडवर लावून आत, कमानीखाली उभं राहावं. वाहनं आता दरवाजाला वळसा घालून जातात, त्यामुळे आत थोडी उसंत मिळते. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. दारांच्या खुंट्या फिरायच्या त्या दगडी उखळी, आणि अडसराच्या खाचा. त्या खाचेत हात घालून बघितला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत आत गेला. इतक्या जाड ओंडक्यानं रात्री शहर बंद होत असे. उशिरा आलेला व्यापारी मग बाहेरच. कमानीवर कंगोऱ्यांची रांग आणि बाजूचे बुरूज तोलामोलाचे आहेत, पण माझं मन त्या खाचेतच अडकलं. शोभेच्या वास्तूला एवढा अडसर लागत नाही.

हा दरवाजा औरंगजेबाच्या काळातला. शहराभोवतीचा तट त्यानं १६८२ च्या सुमारास बांधला आणि तोही मराठ्यांच्या धास्तीनं. तोवर मराठी फौजांनी या टापूत येऊन दाखवलं होतं. शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. त्यात तटाचे मोठे दरवाजे, किल्ले अर्क या बादशाही राजवाड्याचे दरवाजे, पुऱ्यांचे आणि गल्ल्यांचे छोटे दरवाजे, खिडक्या असं सगळं मोजलेलं आहे. आज उभे असलेले मुख्य दरवाजे दोन हातांच्या बोटांवर आणि वर थोडे, इतकेच. तट तर बहुतेक गेला. पण दिशा शिल्लक आहेत. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का, ज्याचं आपण मकाई केलं. माल कुठून येतो आणि माणसं कुठे जातात, त्या गावाच्या नावानंच दरवाजा. मकाई दरवाजातून निघालेला यात्रेकरू सुरतेला जायचा आणि तिथे खऱ्याखुऱ्या जहाजात बसायचा.

सुरतेची वाट या शहराला किती जवळची होती, हे तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या लिहिण्यावरून कळतं. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला संगमरवराच्या शिळा लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या दिसल्या, आणि त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. हा दगड बीबी का मकबऱ्यासाठी येत होता. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ती कबर, आणि दारावर कारागिरांची नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. बारा बैलांची गाडी वळवायला किती जागा लागते, याचा विचार शहरातला एखादा अरुंद चौक सायकलनं ओलांडताना नक्की करावा. मी करतो. ती गाडी घाटात कशी चढवली असेल, उतारावर पाचर कुणी मारली असेल, किती बैल वाटेतच बसले असतील, याची नोंद कुठे नाही. मकबऱ्याचा खर्च मात्र लिहिलेला आहे: सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि सात आणे.

या वाटांवरून आमचीही माणसं आली. आग्र्याला निघालेले शिवाजी महाराज १६६६ मध्ये या शहरात उतरले होते. त्यांना सामोरं न आलेल्या मोगल अधिकाऱ्याला त्यांच्या भेटीला यायला लागलं, ही हकीकत मोगलांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनानं लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी, पुरंदरच्या तहानंतरच्या तडजोडीत, वयानं लहान असलेले संभाजीराजे शहाजादा मुअज्जमच्या भेटीला इथे आले, आणि त्यांच्या मनसबीची फौज घेऊन प्रतापराव गुजर इथे तळ देऊन होते. कोणत्या दरवाजातून ते आत आले ते सांगता येत नाही, आणि दिल्ली दरवाजासारखे तटाचे दरवाजे तर तेव्हा उठायचेच होते. उभा होता तो भडकल दरवाजा. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरनं तो १६१२ मध्ये बांधला. त्याच्या शेजारी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि चौदा एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. चारशे वर्षं जुनी कमान आणि तिच्याखालून चाललेली निळ्या झेंड्यांची मिरवणूक मी अनेकदा बघितली आहे. या शहराचं याहून खरं चित्र मला माहीत नाही.

मोगल फौजेबरोबर आलेले राजे तटाबाहेर आपापल्या वस्त्या करून राहिले, म्हणून हे पुऱ्यांचं शहर. बिकानेरच्या करणसिंहाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा, बुंदेल्यांचा पहाडसिंगपुरा. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा आज सगळ्या मराठवाड्याची झाली आहे. तिथे नारळ फोडणाऱ्यांपैकी किती जणांना बिकानेर आठवत असेल? आठवायला हवं असंही नाही. येऊन मिसळून गेलेल्यांचं असंच होतं.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते या शहराची सर्वांत मोठी आवक माणसांची किंवा मालाची नव्हतीच.

खाम नदी बारमाही भरवशाची नाही हे मलिक अंबरला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं असणार. १६१७-१८ च्या सुमारास त्यानं नहरे अंबरी करवली. तत्त्व इराणकडे चालत आलेलं, पण जमीन आपली, काळा कातळ आणि मुरुमाची. शहराच्या उत्तरेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, पाणी मुरतं तिथे जमिनीखाली विहिरींची ओळ खणायची, त्या बोगद्यानं एकमेकींना जोडायच्या, आणि बोगद्याला इतका बारीक उतार द्यायचा की पाणी आपल्या पायांनी चालत शहरात यावं. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. मी टेबलावर लेव्हलच्या नोंदी घेऊन बसायचो तेव्हा दशांशाच्या तिसऱ्या घरासाठी साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. त्या लोकांनी हे जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, दोरी आणि पाणसळ घेऊन साधलं. पुढे आणखी नहरी झाल्या: पाणचक्कीची, थत्ते नहर, पळशीची, अशी डझनभर तरी नावं घेतात. पंप नव्हता, इंजिन नव्हतं, तेल-वीज काही नव्हतं. हर्सूलकडून येताना माझी सायकल ज्या उतारावर पायडल न मारता पळते, त्याच उताराच्या खालून ते पाणी चालत होतं.

बेगमपुऱ्यात थत्ते हौदाच्या बाजूला गेलं की नहरीचे बंबे कसे असतात ते समजून घेता येतं. बंबा म्हणजे दगड-विटांचा उंच चौकोनी खांब, आत पोकळ. बंद नळातून आलेलं पाणी त्यात चढतं, आपल्या पातळीपर्यंत पोहोचतं, कोंडलेली हवा सोडतं आणि दुसऱ्या बाजूनं उतरून पुढच्या हौदाकडे जातं. नळ भाजलेल्या मातीचे, एकात एक बसवून चुन्यानं सांधलेले. असे खांब मधे मधे नसते तर दाबानं ते नळ फुटले असते. एकदा एक म्हातारे गृहस्थ तिथल्या ओट्यावर बसले होते. मी खांबाभोवती फिरून उंची न्याहाळतोय हे बघून त्यांनी विचारलं, "सर्वेवाले हो क्या?" मी म्हटलं, "नाही चाचा, रिटायर झालो, नुसता बघतोय." तर म्हणाले, "कान लगाके देखो. हम छोटे थे तो अंदर से आवाज आती थी." मी कान लावला. आवाज आला नाही. ते म्हणाले, "अब नहीं आती. ऊपर सब ने बोर मार दिए." दोन वाक्यांत त्यांनी सगळा निदान-अहवाल दिला. नहर मेली ती म्हातारपणानं नाही. तिच्या माथ्यावर घरांचे पाये आले, बोअर आले, सांडपाण्याचे नळ आले.

आणि आज पाणी कसं येतं? जायकवाडीच्या नाथसागरातून, पैठणहून, चढावर. जलाशयाची पूर्ण पातळी ४६४ मीटरच्या आत आणि शहर त्याहून शंभर मीटरनं वर. मोठ्या वाहिन्यांतून ते वर ढकलायला रात्रंदिवस वीज लागते, आणि तरी वर्षानुवर्षं अनेक वस्त्यांत नळाला पाणी कैक दिवसांआडच येत आलं. मी स्वतः धरणांच्या खात्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, जायकवाडीची निंदा करणार नाही. लाखोंच्या शहराची तहान नहरींनी भागली नसती. पण जे पाणी फुकट, आपल्या पायांनी दारात येत होतं, ते बुजवून टाकून आपण वरून आणखी खर्च केला, हे मला अजून पचत नाही.

एक नहर मात्र अजून आपलं काम दाखवते. खामच्या काठानं तीन दरवाजे आहेत, तिन्हींना पूल: मेहमूद, मकाई आणि बारापुल्ला. या जुन्या कमानींनी बैलगाड्यांपासून बस-ट्रकपर्यंत सगळं पेललं. मेहमूद दरवाजाचा पूल ओलांडला की पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, आणि त्याच्या आवारात अठराव्या शतकातली पाण्यावर चालणारी चक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नहरीनं येतं, उंच भिंतीत चढतं आणि तिथून पडदा सोडावा तसं हौदात कोसळतं. पाण्याच्या झोतानं खालचं आडवं चाक फिरतं आणि त्याच्या जोडीनं वरच्या खोलीतलं दळणाचं जातंही फिरतं. इथे यात्रेकरू, फकीर आणि फौजेसाठी पीठ दळलं जाई. मला सर्वांत आवडतो तो मोठा हौद. त्याचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत आहे. म्हणजे एवढं पाणी डोक्यावर घेऊन खाली माणसं उन्हाळ्यात गारव्याला बसत. तळाच्या खांबांना हात लावून बघा, मे महिन्यातही ओलसर गार लागतात. उन्हाळा कडक झाला की वरची धार बारीक होते, कधी आटते, पण पाऊस झाला की पुन्हा येते. चक्कीच्या खोलीत पर्यटक दोन मिनिटं थांबतात. मी म्हणेन वडाखाली बसून आधी त्या भिंतीकडे नीट बघा. पाणी तिच्यात चढतं हीच त्या जागेतली खरी करामत आहे.

२०२१ पासून खाम नदीच्या सफाईचं काम सुरू झालं, काठानं चालायला-फिरायला जागा झाली. आधी नाक धरून पूल ओलांडावा लागे. हे काम ज्यांनी मनावर घेतलं त्यांचे आभार मानायलाच हवेत.

दक्षिणेकडच्या दरवाजांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे सायकल चालवणं म्हणजे ती हातात धरून चालणं. शहागंजच्या घंटाघराकडून सराफा, मछली खडक करत गुलमंडी, तिथे सुपारी हनुमानाला हात जोडून टिळकपथानं पैठण दरवाजा. बाजार अजून त्याच वाटेवर आहे, फक्त गोण्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं आणि तयार कपडे आले. जाफर दरवाजाच्या बाजूला जुना मोंढा, आणि त्याच भागात हिमरू विणणारे. रेशीम-सुताचं ते कापड दरबारी अंगरख्यांसाठी विणलं जायचं. हातमागावर ते काम करणारे आता अगदी मोजके उरलेत, बाकी दुकानांत 'हिमरू' म्हणून विकलं जातं त्यातलं पुष्कळसं यंत्रावरचं असतं. घेताना मागची बाजू उलटून बघावी, अस्सल हिमरूला तिथे मोकळे सोडलेले धागे दिसतात.

या बंदरांचं काम संपवलं ते रेल्वेनं. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडला जोडणारी मीटरगेज आली आणि स्टेशन तटापासून दूर, नैर्ऋत्येला पदमपुऱ्याच्या पुढे पडलं. मालाची चढ-उतार तिकडे गेली. दरवाजातून आत येण्याची गरजच उरली नाही. निजामाच्या अमलात जकातीला करोडगिरी म्हणत, त्या खात्याचे नाके सरहद्दीवर आणि स्टेशनांवर होते. आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक मनमाडहून येताना सामानाची झडती कशी होई ते रंगवून सांगत. पुढे नगरपालिकेची जकात आली, रस्त्यांच्या तोंडाशी नाके बसले, तीही गेली. आता छावणीच्या कडेला 'नगर नाका' एवढं नाव उरलं आहे, नाका नाही. मीटरगेज जाऊन मोठी लाइन येईपर्यंत तर एकविसावं शतक तोंडावर आलं होतं.

तरी बंदर असण्याची या मुलखाची खोड गेलेली नाही. दौलताबादकडे सायकलनं निघालात, आणि हा रस्ता सकाळी लवकर गाठला तर सुखाचा आहे, की किल्ल्याच्या अलीकडे माळीवाडा लागतं. तिथे कंटेनर डेपो आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतला माल इथे पेटाऱ्यांत भरून, सील करून, रेल्वेनं न्हावाशेव्याच्या बंदराला जावा अशी त्याची योजना. कस्टमचं काम समुद्रापासून इतक्या आत उरकतं. जालन्याजवळ तर २०१५ मध्ये त्याच बंदराच्या, म्हणजे जेएनपीटीच्या, ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. पैठणच्या गाड्या भडोचला जात तेव्हापासून हा मुलूख असंच करत आला आहे. माल इथे बांधायचा, समुद्र दुसऱ्याचा वापरायचा. देवगिरीच्या कड्याखालून मालगाडीचे लाल-निळे पेटारे सरकताना बघितले तेव्हा मला हे पहिल्यांदा एका सलग रेषेत दिसलं. सायकलवर नसतो तर तिथे थांबलो नसतो.

अलीकडे शहरातल्या बऱ्याच दरवाजांची डागडुजी झाली, चुन्याचा गिलावा झाला, रात्री दिवे लागतात. चांगलं झालं. पण दरवाजा म्हणजे नुसती कमान नव्हे. त्याच्या बाहेरचा तलाव, त्याला येऊन मिळणारी वाट, आतला बाजार आणि जमिनीखालून आलेली नहर मिळून तो दरवाजा होतो. कमान राखून बाकीचं घालवलं तर तो चौकातला शोभेचा दगड. म्हणून महापालिकेकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे एक मागणं आहे. नहरींचे जे मार्ग आज सापडतात त्यांचा मोजणी-नकाशा करून तो बांधकाम परवानगीच्या टेबलावर ठेवा, आणि त्या रेषेवर बोअरला आणि पायाला परवानगी देऊ नका. दोन-तीन बंबे तरी दुरुस्त करून त्यांत पाणी चढताना मुलांना दाखवा. शाळांनी सहली मकबऱ्यावरून परत न फिरवता हर्सूलपासून पाणचक्कीपर्यंत आणाव्यात. आणि तुम्ही इथे राहत असाल, किंवा कधी इकडे येणार असाल, तर एका रविवारी पहाटे सायकलच्या चाकांत हवा भरून हर्सूलहून दिल्ली दरवाजाकडे निघा. ऊन चढायच्या आत पाणचक्कीला पोहोचता येतं.